पत्र्याखाली कोंडलेली हवा आणि शेळ्यांचा घरचा गोठा

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात : ‘आमच्याकडे सहा शेळ्या, एक बोकड आणि नऊ करडे आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांना थंडी बाधू नये म्हणून घरामागच्या पत्र्याच्या खोलीला द्राक्षबागेवरचे जुने प्लास्टिक चहूबाजूंनी बांधून घेतले, तरीही पौषात तीन करडे खोकून खोकून गेली. यंदा आम्ही बाग काढली. तिचे लोखंडी अँगल आणि तारा, मोडलेल्या कांदाचाळीचे बांबू आणि आठ फुटी वीस पत्रे घरी पडून आहेत. त्यातून नवा गोठा उभा करायचा आहे. सासूबाई म्हणतात, गोठा घट्ट बंद हवा. मुलगा म्हणतो, मोठ्या फार्मसारखा उंचावरचा फळ्यांचा मजला करू. शेजारच्या उसात बिबट्या आहे, त्याचीही धास्ती वाटते. तीन शेळ्या गाभण आहेत, त्या डिसेंबरअखेर वितील. गोठा कसा बांधावा?’

ताई, तुमची तीन करडे गेली ती तुमच्या हयगयीमुळे गेली नाहीत, हे आधी सांगतो. तुम्ही काळजीच केली. फक्त ती काळजी चुकीच्या जागी पडली. तुमच्या पत्रातील वर्णनावरून मला असे वाटते की त्या करडांना थंडीने जेवढे नेले नसेल, त्याहून अधिक कोंडलेल्या हवेने नेले. नव्या गोठ्याचे माप, दिशा, जमीन, जाळी यांविषयी पुढे जे लिहिणार आहे, ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका पहाटे तुमच्यासारख्याच एका घरी मला बोलावणे आले होते. पत्र्याच्या खोलीला सगळीकडून प्लास्टिक लावलेले होते. उभ्याने आत गेलो तेव्हा ऊब जाणवली आणि बरेही वाटले. मग एका आजारी करडाला पाहण्यासाठी गुडघे टेकून खाली बसलो आणि डोळ्यांतून पाणी आले. करडाच्या नाकाच्या उंचीवर मुताचा उग्र वास भरून राहिला होता, तो उभ्या माणसाला फारसा जाणवत नव्हता. वर विजेरी धरली तर पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते आणि त्यांतला एखादा मधूनच करडांच्या पाठीवर टपकत होता. हात फिरवला तर केस ओले लागले. बाहेर पाऊस नव्हता, दवही आत येत नव्हते. ते पाणी त्या शेळ्यांच्याच श्वासातले होते.

शेळी रात्रभर श्वास टाकते, मुतते, लेंड्या टाकते. श्वासातली वाफ वर चढून गार पत्र्याला लागली की तिचे पाणी होते. मुतातल्या युरियापासून अमोनिया वायू तयार होतो, तो कोंडला की नाकाची आणि श्वासनळीची आतली नाजूक त्वचा जळू लागते. एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू मग फुप्फुसात उतरतात आणि फुप्फुसदाह होतो. याउलट कोरड्या अंगाची, पोटभर चारा खाल्लेली मोठी शेळी निफाडची थंडी चांगली सोसते, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कोठीत चारा आंबताना उष्णता निर्माण होते आणि ती तिची स्वतःची शेगडीच असते. म्हणून थंडीच्या दिवसांत रात्री शेळ्यांपुढे कोरडा चारा राहू द्यावा. करडांची ही कोठी अजून तयार झालेली नसते, म्हणून त्यांना वेगळी ऊब द्यावी लागते. तिच्याकडे शेवटी येतो.

सासूबाईंचे म्हणणे मोडीत काढू नका. त्यांच्या काळी छप्पर पाचटाचे किंवा गवताचे असे आणि भिंती कुडाच्या असत. असा गोठा दार लावून कितीही बंद केला तरी पाचटातून आणि कुडाच्या फटींतून हवा झिरपत राही, वाफ निघून जाई, आणि वारा मात्र अंगाला लागत नसे. ‘गोठा बंद हवा’ हा त्यांचा अनुभव त्या घराचा आहे आणि त्या घरापुरता तो अगदी खरा आहे. पत्रा आणि प्लास्टिक झिरपत नाहीत, एवढाच फरक पडला आहे. कांदा कोंडला की सडतो, म्हणून चाळीला खालून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवावी लागते, हे तुमच्या घरात कोणाला शिकवावे लागणार नाही. शेळ्यांचा गोठा हा कांदाचाळीचाच भाऊबंद आहे. शेळीच्या अंगाच्या उंचीवर वारा अडवायचा आणि तिच्या डोक्यावरून तो मोकळा जाऊ द्यायचा, एवढी एक गोष्ट त्यात जास्तीची आहे.

आता माप. मोठ्या शेळीला छपराखाली दहा ते बारा चौरस फूट, बोकडाला वीस आणि करडाला चार चौरस फूट जागा धरली, तर तुमच्या आजच्या जनावरांना सुमारे १३० चौरस फूट लागतात. तीन शेळ्या विणार आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा कोपरा हवा, म्हणून २० फूट लांब आणि १० फूट रुंद असा २०० चौरस फुटांचा गोठा धरावा. त्याच्या दक्षिणेला साधारण दुप्पट, म्हणजे ४०० चौरस फुटांचे मोकळे आवार ठेवावे. शेळी दिवसभर छपराखाली राहिली तर जमीन ओली होण्याचा वेगही दुप्पट होतो, त्यामुळे आवार ही चैन समजू नये.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य भर दुपारीही दक्षिणेला बराच कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाजू उघडी असेल तर ऊन पाच-सहा फूट आत येऊन जमीन वाळवते. मे महिन्यात तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छपराची सावली गोठ्यावरच पडते. दहा फूट रुंदीला दोनपाखी छपराची गरज नाही. दक्षिणेचे खांब जमिनीपासून साडेनऊ फूट आणि उत्तरेचे साडेसात फूट ठेवून एकपाखी छप्पर उत्तरेकडे उतरते करावे. दक्षिणेला तीन फूट आणि उत्तरेला दीड फूट पत्रा बाहेर काढावा, म्हणजे पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत. एका ओळीत दोन पत्रे आठ इंच एकमेकांवर चढवून लावले तर नऊ ओळींत अठरा पत्रे लागतात. तुमच्याकडचे वीस पुरून दोन उरतील, ते पश्चिमेच्या भिंतीला वापरावेत.

पश्चिमेची बाजू जवळजवळ पूर्ण बंद करावी, कारण पावसाळी वारा आणि झड दोन्ही तिकडूनच येतात. फक्त छपराखालची वीतभर फट राहू द्यावी. उत्तरेला चार फूट भिंत आणि वर छपरापर्यंत जाळी, दक्षिणेला अडीच फूट भिंत आणि वर जाळी, आणि पूर्वेला दार. भिंत विटांचीच हवी असे नाही. दगड-मातीची किंवा बांबूच्या कुडावर शेण-मातीने लिंपलेली भिंतही चालते, मात्र शेळ्या तिला अंग घासतात आणि शिंगांनी उकरतात, तेव्हा आतून खालचे दोन फूट तरी पक्के करावेत. उत्तरेच्या जाळीवर गोणपाटाचा पडदा बसवावा आणि तो खालून वर गुंडाळता येईल असा न करता वरून खाली सोडता येईल असा करावा, म्हणजे रात्री पडदा लावला तरी वरची वीतभर जागा आपोआप मोकळी राहील. झडीच्या दिवसांसाठी असाच एक पडदा दक्षिणेच्या पश्चिमेकडील अर्ध्या भागाला ठेवावा. प्लास्टिक मात्र पुन्हा लावू नका. गोणपाट श्वास घेते.

पत्रा उन्हाळ्यात तापतो, ही तक्रार सगळ्यांची असते. फाल्गुनात पत्र्यावर चुन्याचा दाट पांढरा हात द्यावा आणि त्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर बागेच्या जुन्या तारांनी बांधून टाकावा. पाऊस सुरू होण्याआधी पाचट काढलेच पाहिजे, कारण ओले पाचट पत्र्याला गंज आणते. विजेची तार आणि चूल यांच्याजवळ असा थर देऊ नये, हे सांगायलाच हवे.

अवकाळी वादळाचा अनुभव तुम्हाला आहेच. नोव्हेंबर २०२३ मधल्या गारपिटीने निफाड-चांदवड पट्ट्यात काय केले ते द्राक्षवाल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवण्याची पद्धत आहे, तिच्यावर मुळीच विसंबू नये. उडणारा दगड पत्र्यापेक्षा घातक असतो. पत्रा इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराच्या हुकांनी आडव्या अँगलला जखडावा, छिद्र नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात पाडू नये, आणि प्रत्येक हुकाखाली रबराची चकती घालावी. बागेचे अँगल खांब म्हणून उत्तम आहेत, पण त्यांचा जमिनीत गाडलेला फूट-दीड फुटाचा भाग बहुधा गंजून पातळ झालेला असतो. प्रत्येक अँगल त्या जागी हातोडीने ठोकून पाहावा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तेवढा तुकडा कापून टाकावा. दोन फूट खोल खड्ड्यात खडी-सिमेंट भरून खांब उभे करावेत.

गोदाकाठची जमीन काळी आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट मुरूम पसरला तर दोन पावसांत तो खचतो. गोठ्याच्या जागेवरची फूटभर काळी माती काढून शेतात टाकावी, तेथे मोठे दगड आणि त्यावर मुरूम भरून पाणी मारत चोपणी करावी, आणि जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान फूटभर वर न्यावे. दहा फुटांच्या रुंदीत दक्षिणेकडे तीन-चार इंच उतार द्यावा आणि भिंतीच्या तळाशी मूत बाहेर पडायला भोके ठेवावीत. सिमेंटचा कोबा करण्याचा मोह होईल, कारण तो झाडायला सोपा असतो. पण तो थंडीत गार पडतो, त्यावर मूत साचून राहते आणि शेळ्यांचे गुडघे सोलतात. तुमच्याकडे पाऊस बेताचा असल्याने चोपलेला मुरूम पुरेसा आहे. दर पंधरा दिवसांनी गोठा झाडून त्यावर चुन्याची पूड भुरभुरावी, ती बसेपर्यंत शेळ्या आवारात ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा वरचा चार बोटांचा मुरूम खरवडून नवा घालावा. जुना मुरूम लेंडीखतासह शेतात जातो, काहीच वाया जात नाही.

मुलाचा विचार अगदीच टाकाऊ नाही, हे त्याला अवश्य सांगा. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांत जमीन चार महिने वाळतच नाही, तिथे तीन-चार फूट उंचीचा मजला हाच योग्य. तुमच्याकडे सबंध गोठ्याला तो खर्च नको, पण शेळ्या झोपतात त्या उत्तरेच्या बाजूला दीड फूट उंचीच्या आणि चार बाय तीन फुटांच्या बांबूच्या बाजा करून ठेवाव्यात. शेळीला उंचवट्यावर बसायला मनापासून आवडते आणि आपण होऊन ती कोरडी जागाच निवडते. या बाजा उचलता आल्या पाहिजेत, म्हणजे पंधरा दिवसांनी बाजूला करून खालच्या लेंड्या गोळा करता येतील. द्राक्षवाले त्या खताला मागे येतात. मात्र कांदाचाळीचा तळ जसाच्या तसा उचलून इथे बसवू नका. कांद्यासाठी बांबूंमध्ये ठेवलेल्या फटीत शेळीचा खूर सहज जातो आणि ती दचकून उठली की पाय मोडतो. मोठ्या शेळ्यांसाठी अर्धा ते पाऊण इंच फट ठेवावी, तेवढ्यातून लेंडी पडते आणि खूर अडकत नाही. बांबूचे पेर तासून सपाट करावे आणि धारदार कडा घासून घ्याव्यात, नाहीतर गाभण शेळीच्या कासेला इजा होते.

गव्हाण गोठ्याच्या आत नको, दक्षिणेच्या भिंतीला आवाराच्या बाजूने असावी. शेळीने तुडवलेला किंवा मुतलेला चारा शेळी तोंडात घेत नाही, म्हणून गव्हाण जमिनीपासून दीड फूट वर हवी आणि पाला तर दोरीला पेंढी बांधून टांगलेलाच बरा. पाण्याचे भांडेही बाहेरच ठेवावे. फवारणीच्या औषधांचे जुने ड्रम घरात असतीलच. ते कितीही धुतले तरी पाण्यासाठी किंवा खुराकासाठी वापरू नयेत, आणि शेजारच्या बागेच्या छाटणीचा फवारलेला पाला शेळ्यांना घालू नये. मोरचूद फवारलेल्या पाल्याने विषबाधा होते आणि ती बऱ्याचदा उशिरा कळते.

बिबट्याविषयी तुमची धास्ती रास्त आहे. ऊस उभा आहे तोवर तो तिथे राहणार, आणि सहा फुटांचे कुंपण त्याला अडवत नाही. आवाराचे कुंपण कुत्र्यांसाठी आहे असे समजावे आणि सूर्य मावळण्याआधी शेळ्या आत घ्याव्यात. रात्रीचा गोठा वरूनही बंद हवा. भिंत आणि छप्पर यांमधील एकही जागा, ती पश्चिमेची वीतभर फटसुद्धा, जाळीशिवाय राहू नये. दोन इंच चौकटीची जाड वेल्डमेश जाळी घ्यावी आणि ती खांबांच्या बाहेरून लावावी, म्हणजे बाहेरून धडक बसली तर जाळी खांबांवर दाबली जाते; आतून लावलेली जाळी त्याच धडकेने सुटून आत पडते. जाळीची खालची कड भिंतीच्या बांधकामात चार इंच गाडावी. दार बाहेर उघडणारे असावे, त्याला वर आणि खाली अशा दोन कड्या असाव्यात, आणि कड्यांत खिटी घालावी, कारण पंजाने ढकलता-ओढता एक कडी निसटते. शेळी जाळीला लागून बांधू नये. उसाच्या बाजूची दहा-पंधरा फूट जागा गवत कापून मोकळी ठेवावी आणि गोठ्याबाहेर एक दिवा असावा. इतके करूनही जनावर गेलेच, तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. भरपाई पंचनाम्यावरच मिळते.

रोजगार हमीतून शेळ्यांच्या गोठ्याला अनुदान मिळण्याची सोय शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २०२१ मध्ये झाली. ती आता चालू आहे का, याची ग्रामरोजगार सेवकाकडे चौकशी करा, पण पहिला खड्डा खणण्याआधी करा, कारण मंजुरीपूर्वी केलेले काम धरले जात नाही.

आता करडे. गोठ्याच्या ईशान्य कोपऱ्यात पाच फूट लांब आणि चार फूट रुंद जागा बांबूच्या आडोशाने वेगळी करावी. गाभण शेळी विण्याच्या आठवडाभर आधी तिथे घ्यावी आणि खाली गव्हाचे कोरडे काड चार-सहा बोटे जाड पसरावे. ओले झालेले काड रोज काढावे. करडू जन्मले की आईला चाटू द्यावे, तिच्याबरोबर आपणही कोरड्या कापडाने ते पुसून काढावे आणि तासाभरात त्याला चीक पाजावा. ही तीन कामे कोणत्याही शेगडीपेक्षा मोठी आहेत. रात्री करडांना डालग्याखाली ठेवून वर गोणपाट टाकावे, पण डालग्याची खालची बोटभर कड उघडी राहू द्यावी. काडाच्या ढिगावर तापणारा दिवा टांगू नका. तो खाली पडून गोठे जळाले आहेत. बोकड पश्चिमेच्या टोकाला वेगळा ठेवावा. आणि एक सांगायचे राहते. चांगला गोठा आजार टाळतो, आजार बरा करत नाही. करडू तापाने मलूल झाले, नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला किंवा श्वासाला पोट हलू लागले, तर दुकानातून आणलेल्या सुईवर एक दिवसही घालवू नका. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ क्रमांकावर फोन करा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार या रोगांच्या लसी कळपाला दिल्या आहेत का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

गणपती उठले की जोत्याला हात घाला. मुरूम चोपून त्याला तीन आठवडे बसू द्या, दिवाळीपर्यंत छप्पर आणि जाळी पुरी होईल. नंतर आधी मोठ्या शेळ्याच आत घ्या, करडे पंधरा दिवस थांबवा. पहिल्या कडक थंडीच्या पहाटे, दार सताड उघडून हवा बदलण्याआधी आत जाऊन दोन गोष्टी करा. उत्तरेच्या टोकाला, जिथे छप्पर सर्वांत खाली आहे, तिथे काठीला कोरडे फडके गुंडाळून पत्र्याच्या आतून फिरवा, आणि मग गुडघे टेकून, शेळी झोपते त्या उंचीवर नाक नेऊन, दोन-तीन मोठे श्वास घ्या. फडके ओले निघाले किंवा डोळे चुरचुरले, तर पडदा आणखी एक वीत खाली सोडा आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा पाहा. फडके कोरडे निघाले आणि डोळेही चुरचुरले नाहीत, की त्या दिवशी करडे आत घ्यायला हरकत नाही.